दहावी खुंटी

आसेगावच्या जगदेव गावंडेच्या घरात पाय टाकला की देव्हारा दिसायच्या आधी समोरच्या भिंतीवरच्या नऊ खुंट्या दिसत. एकीवर डफडं, दुसरीवर ढोलक, मग खंजेरी, तुणतुणं, पावा, सनई आणि कापडी पिशवीत घातलेलं क्लॅरनेट. पेटी आणि बेंजो खुंटीवर मावत नसत म्हणून खाली फळीवर असत. पण मान राहावा म्हणून त्यांच्या नावाच्याही खुंट्या वर ठोकलेल्या होत्या आणि त्यांवर जगदेवचा सदरा व टोपी लटकत. औत, तिफण, वखराची पास हे सगळं शेतीचं सामान मात्र अंगणात उन्हापावसात पडलेलं. जगदेवच्या बायकोला, प्रयागबाईला, याचा मनस्वी राग होता. रोज सकाळी धूळ झटकताना तो राग ती नऊ वेळा काढायची.

"ह्या माह्या नऊ सवती," ती शेजारणीला सांगे. "एकीलेही भाकर थापता येत नाही."

प्रयागबाई या घरात आली ती पंचावन्न सालच्या वैशाखात. तेव्हा भिंतीवर एकच खुंटी होती आणि तिच्यावर एकच पावा. मुलगा पावा वाजवतो एवढंच तिच्या बापाच्या कानावर घातलेलं होतं. गुरांमागं जाणारा पोरगा पावा नाही वाजवणार तर काय तहसीलदारी करणार, असं म्हणून बापानं होकार दिला. बाकीच्या आठ वाद्यांचं लपवून ठेवलं असं कुणी म्हणू नये. ती तेव्हा झालीच नव्हती.

पुढं तुणतुणं आलं, खंजेरी आली, ढोलक आलं. ही भजनातली वाद्यं, त्यांना कुणी नाक मुरडत नव्हतं. खरी ठिणगी पडली ती सत्तर सालच्या पोळ्याला. गावचे बैल तोरणाखाली रांगेत उभे, शिंगांना बेगड, पाठीवर झुली. झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, म्हणणारे घसा साफ करून तयार. झडती म्हटली की तिच्यामागं डफडं कडाडलं पाहिजे, आणि डफडं वाजवणारा गोपीचंद बुढा आदल्या दिवशी बैलबंडीवरून पडून मनगट सुजवून बसलेला. पहिली झडती झाली आणि मागं नुसती शांतता. बैलसुद्धा चमत्कारिक नजरेनं पाहू लागले. जगदेवनं आपल्या जोडीचा कासरा भावाच्या हातात दिला, गोपीचंदच्या गळ्यातलं डफडं काढून आपल्या गळ्यात अडकवलं आणि असं काही वाजवलं की पोळा फुटला तेव्हा बैल धावत नव्हते, नाचत होते.

आता गावचा नेम असा होता की प्रत्येक वाद्याचं एक घर. डफडं नि सनई वाजंत्र्यांच्या घरची, संबळ गोंधळ्याच्या घरचा, नंगारा तांड्यावरचा. कुणब्याच्या गळ्यात डफडं म्हणजे भावकीच्या गळ्याशी आलं. एका चुलत्यानं तर जगदेवच्या घरचं पाणी सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात चुलत्याच्या विहिरीनं तळ दाखवला तेव्हा ते पाणी निमूटपणे परत सुरू झालं, हा भाग वेगळा.

जगदेवला या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. तो रोज संध्याकाळी गोपीचंदच्या ओट्यावर जाऊन बसू लागला. गोपीचंदनं आधी त्याला हाकललं, मग चहा पाजला, मग शिकवलं. तुराट्या पेटवून त्यांच्या आचेवर डफडं कसं शेकायचं, चामडं किती ताणलं की बोलतं आणि किती ताणलं की फाटतं, हे सगळं त्यानं हातात हात धरून दाखवलं. आणि एक नेम सांगितला. लग्नाचं वाजवायचं ठरलं की घरचा कर्ता येऊन नारळ-सुपारी देतो. ती घेतली की शब्द बांधला गेला, सुपारी परत करत नसतात.

"आन आयक," गोपीचंद म्हणाला, "सुपारी ज्याच्या हातात पडली, पह्यली थाप त्याची. मांगून कोनीही वाजवो. पन पह्यली थाप दुसऱ्यानं देल्ली तं ते लगन मुकं."

एकाहत्तर साली पेटी आली. त्याची हकीकत प्रयागबाई तिखटमीठ लावून सांगायची, कारण तीत तिचं एक लुगडं बुडालं होतं. जगदेव तिच्यासाठी लुगडं आणायला मंगरूळपीरला कैलासचंदच्या कापडदुकानात गेला. कैलासचंद जैन गृहस्थ, मंदिरातल्या भक्तीच्या पेटीचा भाता उंदरानं कुरतडला म्हणून कपाळाला हात लावून बसलेला. जगदेव म्हणाला, आणा, पाहतो. पेटी उघडली, आणि कैलासचंदची आई अंगुरीबाई दारात येऊन उभी राहिली. भात्याला चामड्याची पट्टी चालणार नाही, आणि सुताराकडचा सरसही नाही, तो जनावराच्या कातड्याचा असतो. देवापुढचं वाद्य आहे.

दुसरा असता तर उठून गेला असता. जगदेव उठला खरा, पण बाभळी शोधायला. डिंक गोळा केला, कढवला, दुकानातला जाड मांजरपाट मागून घेतला आणि एकावर एक चार पदर चिकटवून भाता उभा केला. तीन दिवस तो तिथंच होता. तिसऱ्या दिवशी पेटीनं पहिला श्वास घेतला आणि अंगुरीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरात एक जुनी पेटी अडगळीत पडली होती, ती तिनं जगदेवच्या डोक्यावर ठेवली. जगदेव पेटी घेऊन घरी आला.

"लुगडं?" प्रयागबाईनं विचारलं.

जगदेवनं एकदा पेटीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "अवं माय," तो म्हणाला, "ते तं राह्यलंच."

ती आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी कैलासचंदनं गुमास्त्याच्या हाती दोन लुगडी पाठवली. ती तिनं नेसली, पण पेटीला माफ केलं नाही.

बहात्तर साली पावसानं दगा दिला आणि सगळा गाव सडकेच्या कामावर खडी फोडू लागला. तिथंही हा प्राणी स्वस्थ नव्हता. हातोड्या आपल्या मनानं पडतात म्हणून हात लवकर थकतात असं त्याचं म्हणणं. त्यानं एका रांगेला धा धरायला लावला, दुसरीला धिन, आणि स्वतः दोन गोटे आपटत मधली जागा भरू लागला. मुकादम ओरडत आला. मग ढिगारे पाहिले आणि आल्या पावली परत फिरला. संध्याकाळी तो स्वतःच छडीनं बुटावर ठेका धरून बसलेला प्रयागबाईनं डोळ्यांनी पाहिला.

बेंजोची गोष्ट दर्ग्याच्या उरुसातली. कव्वालाच्या साथीदाराकडं बेंजो होता. जगदेव सकाळी सकाळी त्याच्यासमोर जाऊन बसला आणि तारा कशा बांधल्यात ते दुपारपर्यंत बघत राहिला. घरी येऊन फळी घेतली, तारा आणल्या, आणि बटणांसाठी भंगारातला एक मोडका टाइपरायटर पैदा केला. बटणांवर इंग्रजी अक्षरं होती, आणि जगदेवची मराठीसुद्धा चौथीतच सुटलेली. त्यानं अक्षरांना आकारावरून नावं दिली. खुर्चीवर सा, दाताळ्यावर पा, उंबराच्या फांदीवर नी. पुढं हा बेंजो शिकायला येणाऱ्यांना "खुर्ची, दाताळं, खुर्ची" असं पाठ करावं लागे. सनई गोपीचंदच्या भावानं शिकवली. क्लॅरनेट मंगरूळपीरच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्यानं देऊन टाकलं, कारण पुढचे दात गेल्यामुळं त्याची फुंकर भलतीकडूनच निसटायची. अशा नऊ खुंट्या भरल्या.

मग संच उभा राहिला. गोपीचंद डफड्यावर, त्याचा भाऊ सनईवर, तांड्यावरचा हरिसिंग बंजारा नंगाऱ्यावर, आणि जगदेव जे रिकामं असेल त्यावर. एकदा अकोल्याच्या एका जलशात सूत्रधारानं ध्वनिक्षेपकावरून विचारलं, आपण कोणतं वाद्य वाजवता? जगदेव म्हणाला, "ज्याचा वाजवनारा चहा प्याले गेला असन ते." लोक हसले. तो खरंच सांगत होता.

एका गोष्टीचा मात्र या घरात कधी उलगडा झाला नव्हता. भाकरी झाल्या की प्रयागबाई परात पालथी घालून तिच्या काठावर बोटं झटकायची, पिठाचे हात मोकळे करायला. ते झटकणं सरळ तालात पडायचं, आणि कधीमधी त्यात अशी एक तिरकी जागा येई की ओसरीत बसलेला जगदेव हातातलं काम सोडून कान टवकारी.

"पुन्हा वाजव वं तेच."

"वाजवाले मी काय वाजंत्री हाये?" ती परात उचलून ठेवायची. "पीठ झटकून राह्यली मी."

हे ती रागानं म्हणायची आणि त्या रागाला कारण होतं. लग्नाघरी वाजंत्र्यांची पंगत सगळ्यांत शेवटी बसते. वऱ्हाडी जेवतात, घरचे जेवतात, वाढपी जेवतात, आणि मग मांडवाच्या कडेला, बैलांच्या दावणीशेजारी वाजंत्री. भाजी संपलेली असते, उरतो नुसता रस्सा. जगदेवनं गोपीचंदला सोडून वरच्या पंगतीत बसायला कायमचा नकार दिला होता. त्यामुळं प्रयागबाई ज्या ज्या लग्नाला गेली तिथं तिनं आपला शेतवाडी असलेला नवरा दावणीशेजारी नुसत्या रश्श्यात भात कालवताना पाहिला. एकदा तर तिच्या माहेरीच तिची भावजय म्हणाली, "वाजंत्र्याची बायको आली, तिचं पान मांगून मांडा." सगळ्या बाया हसल्या. प्रयागबाईही हसली, आणि ते हसणं तिला पुढं कितीतरी वर्षं घशात टोचत राहिलं.

सत्त्याहत्तर सालचा माघ महिना. जगदेव अंगणात तुराट्यांचा जाळ करून डफडं शेकत होता. चामडं नवं होतं आणि ऐन रंगात आलेलं. इतक्यात केनवडचे दौलतराव आले. दौलतराव म्हणजे शंभर टक्के गाण्यावाजवण्याचा वेडा माणूस. वैशाखात त्यांच्या थोरल्याचं, अंबादासचं, लग्न करायचं होतं आणि त्यासाठी जगदेवचाच संच हवा होता.

"तिथ कोनती?" जगदेवनं विचारलं.

"अक्षय तृतीयेच्या चवथ्या दिवशी."

"पोरगी कोठची?"

"पोरगी पाह्यची हाये अजून," दौलतराव शांतपणे म्हणाले. "लगनसराईत पोरगी भेटते बाप्पा, चांगले वाजवनारे भेटत नाहीत."

जगदेव खूष झाला. दौलतरावांनी नारळ-सुपारी पुढं केली, पण जगदेवचे दोन्ही हात डफड्यात गुंतलेले. सोडलं असतं तर चामडं करपलं असतं. त्यानं मानेनंच खूण केली. "टाका तिच्या पदरात." प्रयागबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभीच होती. तिनं पदर पसरला, दौलतरावांनी त्यात नारळ-सुपारी टाकली, आणि तिनं ती नेऊन देवापुढं ठेवली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग चहा घेऊन ललिता बाहेर आली. ललिता म्हणजे या दोघांची एकुलती एक. चहाचा कप खाली ठेवता ठेवता ती बापाला म्हणाली, "बाबा, डावीकून ढिलं बोलून राह्यलं ते." जगदेवनं थाप मारून पाहिली. पोरीचं बरोबर होतं. दौलतरावांनी कप तोंडाला लावलाच नाही. त्यांनी ललिताकडं पाहिलं, जगदेवकडं पाहिलं आणि म्हणाले, "पोरगी पाह्यली मी."

पंधरा दिवसांत अंबादास येऊन बघून गेला. पोरानं पोरीला विचारलं काय, तर तुमचा बेंजो दाखवता का. पोरगी लाजली आणि खुर्ची-दाताळं शिकवत बसली. लग्न ठरलं, तीच तिथी धरली. आणि सगळं ठरल्यावर प्रयागबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवऱ्याकडचा वाजंत्री आणि नवरीचा बाप एकच! वरातीपुढं वाजवत येणार कोण? आणि शिवेवर हात जोडून सामोरा उभा राहणार कोण?

केनवडहून निरोपही तसाच आला. दौलतरावांची आई रंगूबाई, ऐंशीच्या घरातली, सगळं घर तिच्या शब्दावर चालायचं. तिनं कळवलं होतं की आमचा व्याही फेटा बांधून शिवेवर उभा पाहिजे, गळ्यात डफडं घालून नाही.

"सुपारी परत करून टाका," प्रयागबाई म्हणाली.

गोपीचंद ओट्यावर बसला होता. त्यानं कानांना हात लावले. "परत करत नसतात बाई. नवरदेवाचं पाऊल अडखळते."

मग तिनं जगदेवलाच समोर बसवलं. गेली बावीस वर्षं पोटात साठलेलं सगळं बाहेर आलं. "पोरीच्या लग्नात तुमी वाद्याले हात लावाचा नाही. बाकीच्यायले वाजवू द्या. तुमी फेटा बांधा, हात जोडा आन पह्यल्या पंगतीत इवायाच्या शेजारी बसा. शेवटच्या पंगतीत जेवनारा बाप मले माह्या लेकीच्या लग्नात नाही पाह्यजे. एक दिवस. एकच दिवस मांगून राह्यली मी."

तिला वाटलं होतं तो चिडेल, रुसेल, निदान सनईपुरती तरी सूट मागेल.

"नाही लावत हात," तो म्हणाला.

"पह्यली थापही नाही?"

"पह्यली थाप तं मी देनारच नाही. घे, शपथ."

इतक्या सहज? प्रयागबाईला संशय आला. पण जगदेव गोपीचंदकडं पाहून मिशीत हसतो आहे असं वाटेपर्यंत तो उठून गोठ्याकडं गेला होता.

वैशाख आला. मांडव पडला, हळद लागली. जगदेवनं खरोखरच कशाला हात लावला नाही. खुंट्यांवरची वाद्यं त्यानं एकेक करून वाटून टाकली. बेंजो मंगरूळपीरच्या एकाला, पेटी खुद्द कैलासचंदला, क्लॅरनेट त्या दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या नातवाला. लग्नाच्या दिवशी भिंत मोकळी दिसू लागली. प्रयागबाईनं सवयीनं फडकं हातात घेतलं आणि झटकायला काही नाही हे बघून ती तशीच उभी राहिली. तिला एकदम चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिला या गोष्टीचा स्वतःचाच राग आला.

दुपार कलताना वऱ्हाड ट्रकनं फाट्यावर उतरलं. तिथून नवरदेव, दौलतराव आणि रंगूबाई बैलांच्या दमणीत बसून शिवेपर्यंत आले. इकडून जगदेव गुलाबी फेटा बांधून, हात जोडून उभा. त्याच्या शेजारी पाहुण्यांच्या पायांवर घालायला पाण्याची कळशी घेऊन प्रयागबाई. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाजवणारे. हरिसिंगचा नंगारा, सनई, ढोलक, खंजेरी, पेटी गळ्यात अडकवून घामाघूम झालेला कैलासचंद. आसेगावच्या शिवेवर इतकी वाद्यं कधी जमली नव्हती.

आणि एकही वाजत नव्हतं.

दमणी थांबली. बैलांच्या गळ्यातली घुंगरं थांबली. वऱ्हाडी एकमेकांकडं पाहू लागले. दमणीतून रंगूबाईनं डोकं बाहेर काढलं. "काहून रे? नवरदेव आणला का भुईमुगाचं पोतं? वाजवा ना!"

गोपीचंदनं जगदेवचं शेकलेलं डफडं पुढं केलं, पण आपल्या गळ्यातल्या डफड्यावर काडी उचलली नाही. "पह्यली थाप झाल्याबिगर आमचे हात उठत नाहीत, माय."

सगळ्यांचे डोळे जगदेवकडं वळले. जगदेव हात जोडून उभा. पण प्रयागबाई त्याच्या अगदी शेजारी होती, म्हणून तिला तेवढं दिसलं. त्या जोडलेल्या हातांची बोटं एकमेकांवर हळूहळू आपटत होती. धा, धिन, मधली जागा. बावीस वर्षं ज्या हातांवर ती चिडली ते हात तिनं बांधून उभे केले होते, आणि पोरीचं लग्न मुकं करून ठेवलं होतं. मान गेला चुलीत, असं तिच्या मनानं सरळ म्हटलं.

"वाजवा तुमी," ती म्हणाली. "शपथ सोडली म्या. घ्या ते डफडं."

जगदेवनं मान हलवली. "शपथ तू सोडली वं. पन थाप माही नाहीच."

"तं मग कोनाची?"

"माघात सुपारी कोनाच्या पदरात पडली, ते आठव."

दौलतराव दमणीतून अर्धे बाहेर आले आणि मांडीवर हात मारून ओरडले, "अरे हाव! म्या सोता टाकली! इहिनीच्या पदरात!" गोपीचंद बिनदातांचं हसू हसला. मेल्या म्हाताऱ्यालाही माघापासून ठाऊक होतं. आणि जगदेव तर त्या दिवसापासून गप्प राहून ही घटका मोजत बसला होता. इतकी सहज शपथ का घेतली ते तिला आता कळलं.

"मले येत नाही," ती पुटपुटली. "बायकाईनं कोनी वाजवलं कधी?"

"परातीवर बावीस वर्सं कोन वाजवते मंग?" जगदेव हलकेच म्हणाला. "पीठ झटक. दुसरं काई करू नको. पीठ झटक."

तिनं कळशी खाली ठेवली. पदर कमरेला खोचला, गोपीचंदच्या हातातलं डफडं घेऊन गळ्यात अडकवलं. डोळे मिटून घेतले आणि आपल्या घरची परात आठवली. मग बोटं मोकळी सोडली.

पहिली थाप पडली ती जरा दबकत. दुसरी खणखणीत. तिसऱ्या आवर्तनात ती तिरकी जागा आली, जी जगदेव ओसरीतून पुन्हा पुन्हा मागायचा आणि ती द्यायची नाही. गोपीचंदनं "वा!" म्हणून काडी उचलली, हरिसिंगचा नंगारा गरजला, सनई चढली, कैलासचंदनं भाता ओढला आणि आसेगावची शीव दणाणून गेली. प्रयागबाईला वाटलं होतं एक थाप देऊन मागं सरकावं. हात थांबेनात. शिवेपासून मांडवापर्यंत ती वाजवत चालली, मागं मागं वऱ्हाड, आणि तिच्या बाजूनं हात जोडलेला, ढसाढसा रडणारा, हसणारा तिचा नवरा. मारुतीच्या पारापाशी तिनंच वाजवता वाजवता त्याला कोपर मारलं. "जोडलेले हात सोडा आता. घ्या कोनतंही." त्यानं हरिसिंगच्या गळ्यातल्या नंगाऱ्याची एक काठी हिसकावली.

मांडवाच्या दारात ललिता डोक्यावर पदर घेऊन उभी होती. आईला बघून तिनं पदर मागं टाकला आणि नवरीनं हसू नये तेवढी हसली.

माहेरची ती भावजय मांडवात पुढंच उभी होती. ती रंगूबाईच्या कानाशी लागली, की आजी, तुम्ही तर म्हणाला होता वाजवणारा सोयरा नको. रंगूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"इवायाले नाही म्हटलं होतं म्या," म्हातारी म्हणाली. "इहिनीले कोठं म्हटलं?"

अक्षता पडल्या आणि पंगतीचा पुकारा झाला. वाढपी केनवडच्या पाहुण्यांची पानं मांडू लागले. वाजंत्री नेहमीच्या सवयीनं दावणीकडं निघाले. तेव्हा रंगूबाईनं काठी आपटली. पहिल्या पंगतीत विहीण बसली पाहिजे, आणि विहीण आज वाजंत्री आहे, तर तिच्या जोडीचे सगळे तिच्याच पंगतीत बसतील, असा तिचा हिशेब होता. त्यावर भावकीतल्या कुणी तोंड उघडण्याआधी म्हातारी स्वतः गोपीचंदच्या शेजारच्या पानावर जाऊन बसली. गोपीचंद उठायला लागला. तिनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

अशी ती पंगत बसली. गोपीचंद, त्याचा भाऊ, हरिसिंग, कैलासचंद, दौलतराव, जगदेव आणि प्रयागबाई. पाणी सोडणारा तो चुलता वाढप्यांत होता आणि त्यानंच गोपीचंदच्या पानावर पहिली पुरी वाढली. भाजी भरपूर होती. गोपीचंदनं पहिला घास घेतला आणि बराच वेळ तो चावतच राहिला. "गरम भाजी असी लागते व्हय," तो म्हणाला. प्रयागबाईनं वाढप्याला हाक मारून त्याच्या पानावर आणखी भाजी वाढायला लावली.

पोरगी सासरी गेली. दोन दिवस घर फार रिकामं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाद्यं एकेक करून परत आली आणि आपापल्या जागी लटकली. प्रयागबाई विहिरीवरून पाणी घेऊन आली तर जगदेव भिंतीशी उकिडवा बसून काहीतरी ठोकत होता. नऊ खुंट्यांच्या खाली, चुलीच्या बाजूनं, त्यानं एक खुंटी नवी मारली होती. इतर खुंट्या त्याच्या उंचीच्या होत्या, तिला टाच उचलावी लागे. ही तिच्या हाताला पुरेल अशी होती.

"आता हे काय आनलं पुन्हा?" तिनं विचारलं.

जगदेव उठून चुलीपाशी गेला, परात घेतली, काठाला पाडलेल्या भोकातून सुतळी ओवली आणि ती त्या खुंटीला अडकवली.

प्रयागबाईनं घागर उतरवली. पदरानं हात पुसले. "भाकरी कायच्यात मळू मंग?" ती म्हणाली. पण परात तिनं काढली नाही. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून नवी परात घेऊन आली.